रोकडे मॅडमचं विरजण

रोकडे मॅडमच्या पर्समध्ये एखाद्या दिवशी रुमाल सापडला नसता, छत्री तर कधीच सापडली नाही, पण कापसाचं बूच लावलेल्या दोन-तीन टेस्ट ट्यूब हमखास असायच्या. लॅबमधल्या कुकरात शिट्ट्या देऊन निर्जंतुक केलेल्या आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या. कुठं काय दिसेल त्याचा नेम नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांना दिसायचंही फार. आपण लग्नाला गेलो की साड्या बघतो, जेवणात काय आहे ते बघतो. मॅडम लोणच्याच्या बरणीवर आलेला पांढरा थर बघायच्या आणि आचाऱ्याला अगदी आपुलकीनं विचारायच्या, हा कधीपासून आलाय हो? आचारी घाबरून बरणीच आत न्यायचा.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरत असले की त्या सकाळच्या वेळी तिथं घुटमळायच्या. त्यांना सडके टोमॅटो हवे असायचे, आणि तेसुद्धा निवडून. हा काळा डाग वेगळा, हा पाणी सुटलेला वेगळा, असं करत त्या पिशवी भरायच्या. एका व्यापाऱ्याला हे बघवेना. कॉलेजच्या मॅडमवर ही वेळ यावी, असं वाटून त्यानं चांगले लालबुंद टोमॅटो त्यांच्या पिशवीत ओतले. मॅडमनी त्याचे आभार मानले, चांगले टोमॅटो एकेक करून परत क्रेटमध्ये ठेवले आणि सडके घेऊन निघून गेल्या. पुढं कितीतरी दिवस तो व्यापारी आमच्या वडिलांना विचारायचा, "भाऊ, तुमच्या पोरीच्या मॅडमचं सगळं बरं हाय ना?"

मी नारायणगावजवळच्या एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी घेऊन बीएस्सी केलं. वर्गात सगळी टोमॅटो, ऊस, द्राक्षं आणि कांद्याच्या घरची मुलं. विषयाचं नाव घरी सांगितलं तर कुणाला कळायचं नाही, म्हणून आम्ही 'जंतूंचं शिक्षण' असं सांगायचो. त्यावर माझ्या आजोबांनी विचारलं, जंतू मारायचं शिकवतात का वाढवायचं? हे मी मॅडमना हसत हसत सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत. "चांगला प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. "आधी ओळखायचं. मारायचं का वाढवायचं ते नंतर."

मॅडम उंचीला बेताच्या. चष्मा बहुतेक वेळ कपाळावर, आणि तो कुठं ठेवलाय म्हणून टेबलावर शोधाशोध. उजव्या हाताची बोटं कायम जांभळी असायची. जंतूंना रंग द्यायचा म्हणून जे क्रिस्टल व्हायोलेट वापरतात, ते बोटाला लागलं की आठवडाभर जात नाही, आणि मॅडम तर ते रोजच हाताळायच्या. एसटीचा कंडक्टर तिकीट देताना त्यांची बोटं बघून म्हणायचा, मॅडम, मतदान कधी झालं? सगळ्या बोटांनी केलं, असं त्या सांगायच्या.

आमच्या पहिल्या प्रॅक्टिकलची गोष्ट मला अजून आठवते. आम्ही सगळ्यांनी लॅबच्या बाहेर चपला काढल्या आणि अनवाणी आत गेलो. कुणी सांगितलं नव्हतं. आतली पांढरी फरशी, काचेची भांडी आणि निळी ज्योत बघून ते आपोआप झालं. मॅडम आल्या आणि दारातच थांबल्या. चपलांची ती रांग त्यांनी बराच वेळ न्याहाळली. ओरडल्या नाहीत. एकेकाला विचारत गेल्या, तू का काढल्यास? कुणी म्हणालं, विद्येची जागा आहे. कुणी म्हणालं, स्वच्छ जागा आहे. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "तुमच्यामुळं जागेचं काही बिघडत नाही. जागेमुळं तुमचं बिघडेल. फिनॉल पायावर सांडलं तर कातडं जाईल. उद्यापासून बूट."

स्पिरिटच्या दिव्याचंही तसंच झालं. काम संपलं आणि दिवा विझवायची वेळ आली तेव्हा सगळ्या टेबलांवर मुलं हात बांधून उभी राहिली. माझ्या टेबलावरच्या वैशालीनं तर ओढणीच्या टोकानं वारा घालायला सुरुवात केली. मॅडमनी धावत जाऊन आधी ओढणी बाजूला केली, दिव्यावर टोपण ठेवलं आणि मग विचारलं की सरळ फुंकर का नाही मारली. दिव्याला फुंकर मारू नये म्हणतात, वैशाली म्हणाली. मॅडमचा चेहरा उजळला. इथंही मारायची नाही, त्या म्हणाल्या, कारण फुंकरीबरोबर तोंडातलं सगळं प्लेटवर जाऊन पडतं. घरच्या रीतीला त्या कधी हसल्या नाहीत. रीत दिसली की तिच्या मागं काय आहे ते शोधायला लागायच्या, आणि काही सापडलं नाही तर तसंही सांगायच्या.

एकदाच त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला. हवेतले जंतू आत येऊ न देता काम कसं करायचं, ते एका मुलाला तोंडी परीक्षेत विचारलं होतं. त्याला पटकन सुचलं ते तो बोलला, म्हणजे सोवळं पाळायचं, मॅडम. वर्ग हसला. मॅडमनी कपाळावरचा चष्मा काढून पदरानं पुसला. "सोवळ्यात माणसाला लांब ठेवतात," त्या सावकाश म्हणाल्या. "इथं फक्त धूळ लांब ठेवायची. दुसरा शब्द शोध." त्यानं दोन-तीन शब्द बोलून बघितले. शेवटी म्हणाला, झाकून काम करायचं. मॅडमनी मान डोलावली आणि त्याला चांगले मार्क दिले. पुढं आमच्या सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं, झाकून काम.

मॅडम मूळच्या पारगावच्या. वडील साखर कारखान्यात फिटर होते, आणि लहानपण सगळं मळीच्या वासात गेलं असं त्या सांगायच्या. हा वास येतो कुठून, हा त्यांना पडलेला पहिला प्रश्न. त्यांच्या आजोबांनी आपल्या वस्तीबरोबर बुद्ध धम्म स्वीकारला होता. नारायणगावच्या त्यांच्या भाड्याच्या घरात बुद्धाची एक लहान मूर्ती, पुस्तकं आणि खिडकीत दह्याचं गाडगं असायचं. ते विरजण त्यांच्या आईचं. आईनं ते तिच्या माहेराहून आणलेलं, आणि मॅडम नोकरीला लागल्या तेव्हा त्यांच्याबरोबर डब्यातून दिलेलं. घरी कुणी गेलं की त्या त्याला दही खायला घालायच्या आणि त्यात कोण कोण राहतं ते सांगायच्या.

त्यांचा नियम एकच. दिसलं ते लिहा. आमची जर्नल म्हणजे पुस्तकाची नक्कल असायची. ज्या जंतूंचा रंग जांभळा यायला पाहिजे तो सगळ्यांचा जांभळाच यायचा, मग मायक्रोस्कोपखाली धुकं का दिसेना. मॅडमनी एकदा अख्खा गठ्ठा परत केला. फक्त वैशालीचं जर्नल ठेवून घेतलं. तिनं लिहिलं होतं, अल्कोहोल जास्त वेळ ओतलं गेलं, त्यामुळं सगळं गुलाबी दिसलं, मला जांभळं काही दिसलं नाही.

या वैशालीचं दुसऱ्या वर्षाला असताना तुळशीच्या लग्नानंतर लगेच लग्न झालं. सासर आणे गावचं, आळेफाट्याच्या पुढं पठारावर. घरची जमीन, कांदा, चार म्हशी. शिक्षण पुरं करू देऊ असं बोलीत ठरलं होतं, आणि सुरुवातीला ती जीपनं येतही होती. आळेफाट्याला जीप बदलायची, धापा टाकत पहिल्या तासाला बसायची. मग एक दिवस ती आली आणि प्रॅक्टिकलच्या टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. मी तिच्याच टेबलावर होते, म्हणून मला पहिल्यांदा कळलं. तिच्या घरचं दही बिघडलं होतं. ती घरात आल्यापासून रोज. चमचा घातला की तार निघायची, चिकट, शेंबडासारखी. तिच्या सासूचं विरजण सगळ्या आळीत नावाजलेलं. जिला लागेल ती वाटी घेऊन त्यांच्याच दारात यायची. आता आळीत सगळ्यांकडंच तार निघायला लागली होती आणि सगळ्यांचं बोट वैशालीकडं होतं. सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. ही कॉलेजात दिवसभर किडं चिवडती आणि तेच हात दुधाला लावती. कॉलेज बंद.

मला वाटलं मॅडम चिडतील, किंवा निदान तिची समजूत घालतील. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "तार किती लांब निघते?" वैशालीनं रडता रडता हात पसरून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती डब्यातून ते दही घेऊन आली. मॅडमनी काडीनं ती तार वर उचलून उजेडात धरली, आणि इतक्या कौतुकानं बघितली की वैशालीलाही हसू आलं. आम्ही स्लाइड केल्या. मायक्रोस्कोपखाली गोल जंतूंच्या माळा होत्या आणि त्यांच्याभोवती मोकळी पांढरी कडा. हे अंगावर गोड चिकट थर चढवून बसलेत, मॅडम म्हणाल्या, त्याचीच तार. म्हणजे हातामुळं नाही ना, मी विचारलं. "ते अजून कुठं बघितलंय?" मॅडम म्हणाल्या. वैशालीचा चेहरा पुन्हा उतरला. मला मॅडमचा तेव्हा राग आला होता. एवढं एक वाक्य बोलून टाकायला त्यांचं काय जात होतं?

रविवारी आम्ही आण्याला गेलो, मॅडम आणि मी. पठारावर थंडी मी म्हणत होती. सासूबाई ठसठशीत कुंकवाच्या, बोलायला खणखणीत. बसा म्हणाल्या, पाणी दिलं. मग चौकशी सुरू झाली. मॅडम कुठल्या, आडनाव काय, पारगावात नेमकं कुठं. मॅडमनी सरळ सांगितलं. वैशालीनं कपबश्या मांडल्या होत्या. सासूबाई आत गेल्या आणि चहा आला तो कागदी कपांतून, मलासुद्धा. मॅडमनी कपात बघितलं आणि चहा पिऊन टाकला.

मग त्या कामाला लागल्या. दूध एकच, विरजण एकच, वाट्या तीन. एकीत वैशालीच्या हातानं विरजण लावायचं, दुसरीत सासूबाईंच्या हातानं, आणि तिसरीत कुणाचाच हात न लावता उकळलेल्या चमच्यानं. खुणा वाटीच्या बुडाला. सासूबाईंना हे पटलं. त्यांना खात्रीच होती. "माज्या हाताचं बिघडलं तर मी सोता हिला जीपमदी बसवीन," त्या म्हणाल्या.

परत येताना जीपमध्ये मी त्या कागदी कपांवरून फणफणत होते. परत या घरात पाऊल टाकू नका, असंही मी मॅडमना म्हणाले. मॅडम खिडकीतून बाहेर बघत होत्या. "दिसलं ते लिहून ठेव," त्या म्हणाल्या. "एका निरीक्षणावर निष्कर्ष काढायचा नसतो." पण हे बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. त्यांना लागलं होतं, आणि ते मला दिसलं.

सकाळी वैशालीचा फोन आला. तिन्ही वाट्यांत तार होती. सासूबाईंच्याही, चमच्याच्याही. मॅडमना आनंद झाला तो वैशाली सुटली म्हणून असेलच, पण जास्त आनंद कोडं वाढलं याचा होता. तिन्ही? मग आता मजा, असं त्या चक्क म्हणाल्या. वैशालीला त्यांनी एकच काम सांगितलं. घरात लग्नाच्या सुमाराला काय काय बदललं ते आठवायचं. नवीन सून सोडून.

तसं बरंच बदललं होतं. लग्न म्हणून स्वयंपाकघर नवीन केलं होतं. कडाप्प्याचा ओटा आला, गॅस आला, माहेरचा फ्रीज आला. चूल मागं न्हाणीजवळ गेली, पाणी तापवायला. पूर्वी दह्याचं गाडगं चुलीच्या उबेला असायचं. आता विरजण फ्रीजमध्ये राहत होतं आणि गाडगं खिडकीशी, गार कडाप्प्यावर. नवीन स्वयंपाकघरात म्हाताऱ्या गाडग्याला मानाची जागा दिली होती, आणि तीच त्याला बाधली. ऊब गेल्यावर उबेचे जंतू मागं पडले आणि गारठ्यात वाढणारे तारवाले पुढं सरकले. सासूबाईंनी गाडगं न्हाणीच्या चुलीशी नेऊन ठेवून बघितलं. दही घट्ट झालं, तार बरीच कमी झाली, पण गेली नाही. जुनं विरजणच आता मोडलं होतं, आणि आळीभर तेच गेलेलं असल्यामुळं चांगलं विरजण आळीत कुणाकडंच राहिलं नव्हतं.

तेव्हा मॅडम एका स्टीलच्या डबीत आपल्या घरचं विरजण घेऊन पुन्हा आण्याला गेल्या. मी बरोबर होतेच. त्यांनी डबी पुढं केली. सासूबाईंनी हात पुढं केला नाही. "ठिवा तिथं," त्या म्हणाल्या आणि कोनाड्याकडं बोट दाखवलं. मॅडमनी डबी कोनाड्यात ठेवली. ते वापरलं गेलं का तसंच पडून राहिलं, हे आम्हाला बरेच दिवस कळलं नाही. मॅडमनीही विचारलं नाही, आणि जीपमध्ये बसवायचा शब्द सासूबाई विसरल्यासारख्या झाल्या होत्या, त्यामुळं वैशालीही कॉलेजला येत नव्हती. प्रॅक्टिकलला तिची जागा रिकामी राहायची आणि मॅडम तिच्या वाटच्या प्लेटा स्वतः ओतून ठेवायच्या.

मग एका सोमवारी वैशाली आली, हातात जेवणाचा डबा. मधल्या सुट्टीत तिनं तो उघडला तर भाकरीशेजारी दह्याची वडी पडली होती, सुरीनं कापल्यासारखी. सासूबाईंनी डबा भरून दिला आणि जीप चुकंल, निघ आता, एवढंच म्हणाल्या. मॅडमनी त्या दह्यात चमचा घातला, उचलून उजेडात धरला आणि तार निघत नाही हे बघून मगच खाल्लं. वैशालीनं बीएस्सी पुरं केलं. आज ती एका दूध संकलन केंद्रात तपासणीचं काम करते.

कॉलेज सुटलं तरी मॅडमचं माझं येणं-जाणं राहिलं. मग त्यांच्या आईचं दुखणं सुरू झालं. मॅडम रजा घेऊन पारगावला जाऊन राहिल्या आणि आई गेल्यावरच परत आल्या. मी भेटायला गेले तेव्हा त्या खिडकीतलं रिकामं गाडगं घासत होत्या. घर बंद होतं, विरजण वाळून गेलं होतं. पारगावच्या घरातही दुखण्याच्या गडबडीत कुणी ते राखलं नव्हतं. लॅबमध्ये असेल की, मी म्हणाले. लॅबमध्ये त्यातले दोन जंतू सुटे करून ठेवलेत, मॅडम म्हणाल्या. पण दही म्हणजे दोन जंतू नव्हेत, तो सगळा गोतावळा असतो. निवडून शुद्ध केलं की चव जाते. एवढं शिकवल्यासारखं बोलून झालं आणि मग त्या गाडगं मांडीवर घेऊन तशाच बसल्या. "आईचं तेवढंच होतं गं," त्या म्हणाल्या. मला आणं आठवलं ते तेव्हा. त्यांनाही आठवलेलं होतं, पण मागायला जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

मी माझी स्कूटी काढली आणि मॅडमना मागं बसवलं. आळेफाट्याला ट्रकांच्या गर्दीत अडकलो आणि पोचेपर्यंत दिवे लागले होते. दारात शेजारची एक बाई वाटी घेऊन उभी होती आणि सासूबाई तिला परत पाठवत होत्या. तिन्हीसांजेचं दही-विरजण घराबाहेर द्यायचं नसतं, सकाळी ये. हे ऐकून मॅडमनी टेस्ट ट्यूब काढायला पर्समध्ये घातलेला हात तसाच बाहेर काढला. आम्ही बसलो. चहा कपबशीतून आला. मी मॅडमकडं बघितलं, पण त्यांचं लक्ष नव्हतं. वैशालीची, म्हशींची चौकशी करून त्या उठल्याच. निघताना माझ्याच्यानं राहवेना, म्हणून मी सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. आई गेली, घरचं विरजण गेलं, आता ते फक्त तुमच्याकडं आहे. मॅडम म्हणाल्या, राहू द्या, सकाळी कुणाबरोबर तरी पाठवा. तुमची रीत मोडायला नको.

सासूबाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात तीच स्टीलची डबी होती, घासून लख्ख केलेली आणि काठोकाठ भरलेली. या वेळी त्यांनी ती कोनाड्यात ठेवली नाही. मॅडमचे दोन्ही हात धरून त्यांच्या हातात दिली. शेजारची बाई अजून तिथंच होती. ती म्हणाली, मला न्हाई म्हनला आन ह्यांना देता व्हय?

"तुला सकाळी," सासूबाई म्हणाल्या. "हे ह्यांच्याच घरचं हाय. ज्याचं त्याला द्यायला कसली तिन्हीसांज?"

पुढच्या उन्हाळ्यात मॅडम दुसऱ्या जिल्ह्यातल्या कॉलेजात गेल्या आणि त्यानंतर आमचं बोलणं होतं ते फोनवरच. मी त्यांना बघितलं ते त्या संध्याकाळी शेवटचं. आण्याचा घाट उतरताना वारा झोंबायला लागला तेव्हा त्यांनी मला गाडी हळू घ्यायला सांगितली. मला वाटलं थंडी वाजते म्हणून. आरशात बघितलं तर त्यांनी स्वेटरची बटणं काढून डबी आत घेतली होती आणि वरून पदर घट्ट धरला होता.